द्राक्षाच्या मांडवातला गणपती

गणपती सहा दिवसांवर आले होते आणि माझी भावजय बाळंत झाली. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते, त्यामुळे कुणाचीच तयारी नव्हती. सकाळी भावाचा फोन आला. "ताई, मुलगी झाली. सिझर करावं लागलं, पण दोघी बऱ्या आहेत. पोरांना तेवढं तुझ्याकडे नेशील?"

भाऊ देवळाली कॅम्पला राहतो, पण दवाखाना आमच्या नाशिकरोडचाच होता. आमचे हे तशीच स्कूटर काढून गेले आणि अर्ध्या तासात दोघांना घेऊन आले. थोरली आठ वर्षांची होती, धाकटा पाच. थोरलीच्या पाठीवर शाळेचं दप्तर होतं आणि धाकट्याच्या हातात एकच चप्पल. दुसरी दवाखान्यातच राहिली होती.

आमच्या घरात आम्ही दोघंच. हे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मी घरी साड्यांना फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते. आम्हाला मूल नाही. भावाची मुलं दिवाळीत दोन दिवस राहून जायची, तेवढीच काय ती घरात धावपळ. या वेळी ती दहा-बारा दिवस राहणार होती आणि खरं सांगायचं तर मला थोडी धास्तीच वाटत होती.

धाकट्याने पोहे खाता खाता विचारलं, "आत्या, आमचा बाप्पा कधी आणायचा?"

मी काही बोलायच्या आत थोरली म्हणाली, "या वर्षी नाही आणायचा. पप्पा म्हणाले, बाळ झालं की दहा दिवस सोयर असतं. देवाचं काही करायचं नसतं."

"म्हणजे बाप्पा येणारच नाही?"

"नाही."

त्याने चमचा खाली ठेवला. रडला नाही. नुसती बशी बाजूला सरकवली. मला ते बघवेना. मी म्हटलं, "तुमच्याकडे नाही येणार. आमच्याकडे येईल."

हे पेपर वाचत होते, त्यांनी मान वर केली. आमच्याकडे गणपती कधीच बसत नसे. यांच्या घरचा गणपती गावी, मोठ्या दिरांकडे. मला आत बोलावून हे हळूच म्हणाले, "अगं, एकदा आणला की दरवर्षी आणावा लागतो म्हणतात."

"मग आणू दरवर्षी. आपल्याला काय काम आहे दुसरं?"

हे हसले. "बरं, आणू."

तरी मनात शंका नको म्हणून मी आमच्या ओळखीच्या गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, "घर तुमचं आहे, सोयर तुमच्या माहेरचं आहे, तुम्हाला ते नाही. पूजा यजमानांनी करावी. मुलांना पूजेच्या साहित्याला तेवढा हात लावू देऊ नका. आणि मखराला कसलं आलंय सोयर? मखर करू दे की पोरांना."

असं मखराचं काम पोरांकडे आलं.

थर्माकोल आणायचा नाही हे थोरलीने आधीच बजावलं. शाळेत शपथ घेतली होती म्हणे. मग कशाचं करायचं? यांना निफाडची माझी मावसबहीण आठवली. तिची द्राक्षाची बाग आहे. माल भरायच्या खोक्यांचा एक अख्खा गठ्ठा चुकीच्या छपाईचा आला होता आणि तो तिच्या शेडमध्ये पडून आहे, हे तिने उन्हाळ्यात सांगितलं होतं. फोन केला तर ती म्हणाली, "लय पडलेत गं. उंदरांनी खाण्यापरीस घेऊन जा. उद्या भाजीची गाडी येतीये तिकडं, तीत टाकून देते."

दुसऱ्या दिवशी खोके आले. पांढरे, जाड, आणि प्रत्येकावर हिरव्या द्राक्षांचा घड छापलेला. यांनी पट्टी, पेन्सिल आणि वहीचा कागद घेतला. चाळीस वर्षं मशिनीवर काम केलेला माणूस, ड्रॉइंग काढल्याशिवाय पुठ्ठ्याला ब्लेड लावू देईना. मूर्ती अजून यायची होती, म्हणून मापाला मधोमध पितळेचा तांब्या ठेवला. धाकटा त्या तांब्याला वाकून नमस्कार करून यायचा.

"घड आतल्या बाजूला घ्या, पांढरी बाजू बाहेर येऊ दे," मी म्हटलं.

"नको," धाकटा ओरडला. "द्राक्षं दिसू दे. बाप्पाला द्राक्षं आवडतात."

"त्याला मोदक आवडतात," थोरली म्हणाली.

"रोज रोज मोदक खातो का कुणी?"

शेवटी यांनीच तोड काढली. द्राक्षाचा मांडवच करायचा. निफाडला बागेत असतो तसा, चार खांब, वर तारा, तारांवर वेल आणि खाली लोंबणारे घड. घडांखाली गणपती. मुलं उड्या मारायला लागली आणि मला कळलं की आता माझं फॉल-पिको आठवडाभर बाजूला राहणार.

खांबांना कापडाच्या ताग्यातले पुठ्ठ्याचे रूळ होते. माझ्याकडे त्यांचा ढीग साचलेला असतो. तारा म्हणून जाड सुती दोरा घेतला. त्यावरून मेणबत्ती फिरवली की दोरा ताठ होतो आणि गुंतत नाही, हे मी शिवणाच्या कामात शिकले होते. पानांसाठी हिरव्या अस्तरांचे तुकडे काढले. थोरलीने खडूने पान आखलं, मी कापलं. ते खळीत बुडवून पालथ्या वाटीवर वाळत घातलं. सकाळी वाटीवरून काढलं तर पान खरोखरच्या पानासारखं बाकदार आणि कडक. घरातल्या सगळ्या वाट्या, फुलपात्री, चहाचे कप पालथे पडले होते. दोन दिवस आम्ही आमटी ताटातच वाढून घेत होतो.

खळ मीच केली. दोन चमचे कणीक गार पाण्यात गाठी मोडून कालवायची, मग उकळत्या पाण्यात ओतून ढवळत राहायचं. चकाकी आली की उतरवायची. मुलांनी बोटं घातली तरी भीती नाही, चाटली तरी नाही. धाकट्याने चाटलीच. "मीठ नाही," म्हणाला.

द्राक्षं करायला जुन्या वह्यांचे कागद होते. भिजवून, खळ लावून, तळव्यावर गोळी वळायची. थोरली एकसारख्या वळायची. धाकट्याच्या काही बोराएवढ्या, काही लिंबाएवढ्या. रंगासाठी बाजारात जायची गरजच पडली नाही. बीट किसून उकळलं, त्यात कपड्याच्या निळीचे दोन थेंब टाकले, काळ्या द्राक्षाचा रंग आला. हळदीच्या पाण्यात नीळ टाकली, हिरवा आला.

या रंगाच्या कामातच एक मोठी गंमत झाली. धाकट्याने हळदीत मनगटापर्यंत हात बुडवले आणि साबणाने धुवायला मोरीत गेला. एकदम किंकाळी ऐकू आली. आम्ही धावलो. त्याचे दोन्ही हात लालभडक.

"रक्त! आत्या, रक्त!"

मी जखम कुठे आहे ते शोधायला लागले. थोरलीने मात्र त्याचा हात पकडून वास घेतला. "रक्त नाही. हळदच आहे. लाल झालीये."

हे म्हणाले, "अरे, साबणात सोडा असतो. हळदीला सोडा लागला की ती लाल होते. हळदीचं कुंकू असंच करायचे पूर्वी." मग स्वयंपाकघरातून खायचा सोडा घेतला, वाटीत पाण्यात विरघळवला, काडीला कापूस गुंडाळला आणि हळद लावून वाळवलेल्या कागदावर एक रेघ ओढली. पिवळ्यावर लाल रेघ उमटली. मुलांचे डोळे एवढे मोठे झाले.

झालं. मांडव राहिला बाजूला आणि पताकांचा कारखाना सुरू झाला. सगळ्या घरभर पिवळे कागद वाळत होते. धाकट्याने काढलेला उंदीर हत्तीएवढा होता. यांनी टर्बाइन काढलं, ते कुणालाच ओळखू आलं नाही. मी कोयऱ्या काढल्या.

थोरली खिडकीजवळ पाठमोरी बसून एकाच कागदावर बराच वेळ काही काढत होती. मी मागून जाऊन बघितलं. माणसं होती. मिशी असलेला भाऊ, अंबाडा घातलेली भावजय, मध्ये दात दाखवणारा धाकटा, आणि आईच्या हातात गाठोड्यासारखं बाळ. चारच.

"आणि तू कुठेयस गं?" मी सहज विचारलं.

ती कागदावरून नजर न काढता म्हणाली, "मी इथंच राहणार ना."

"म्हणजे?"

"दवाखान्यात एक आजी म्हणाल्या मम्मीला. तिघांचं कसं करणार तू, थोरलीला आत्याकडेच ठेव, त्यांनाही मूल नाही. मम्मी हसली. नाही म्हणाली नाही."

तीन दिवस ही पोर हे पोटात घेऊन गोळ्या वळत होती. रडली नाही, हट्ट केला नाही, जेवताना ताट स्वतः उचलून ठेवत होती. मी त्याला शहाणपणा समजत होते.

मी तिच्याजवळ खाली बसले. खोटं कशाला सांगू, ते वाक्य ऐकून क्षणभर माझ्या मनात काहीतरी गोड हललं. हे घर, खिडकीतली ही पोर, रोजची वेणी. असं वाटायला काही पैसे पडत नाहीत. पण तिचा चेहरा बघितला आणि ते तिथेच संपलं.

मी म्हटलं, "तुला इथे हवे तितके दिवस राहता येईल. पण ठेवून घ्यायला तू काय भांडं आहेस? तुझं घर कॅम्पला आहे. मम्मीला नुसतं हसू आलं असेल, तिला टाके पडलेत, बोलायला तरी ताकद होती का?"

तिचा विश्वास बसलेला दिसला नाही. मग मी सरळ भावजयीला व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेऱ्यासमोर ते चित्र धरलं. काय घडलंय ते चार वाक्यांत सांगितलं. भावजय उशीवर डोकं टेकून पडली होती. ती उठायला बघायला लागली आणि कळ येऊन परत पडली.

"वेडाबाई," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "अगं, त्या आजींना मी ओळखत पण नाही, शेजारच्या कॉटवरच्या बाईची सासू ती. तुला देऊन टाकू? मग बाळाला खेळवणार कोण? हा धाकटा? तो बाळाला जिन्यावरून सोडून देईल."

"मी नाही सोडणार!" धाकटा मागून ओरडला.

थोरली तेव्हा रडली. चांगली हुंदके देऊन, माझ्या मांडीत तोंड खुपसून रडली. हे गडबडून पाण्याचा ग्लास घेऊन उभे राहिले. रडून झाल्यावर तिने नाक पुसलं, काडी सोड्यात बुडवली आणि कागदावर स्वतःला काढलं. जागा उरली नव्हती, म्हणून सगळ्यांच्या पुढे, सगळ्यांपेक्षा मोठी. दोन वेण्या, फ्रॉक आणि हातात द्राक्षाचा घड. मग कोपऱ्यात दोन लहान माणसं काढली. एकाला चष्मा.

"हे काका. ही तू," म्हणाली.

त्या दिवसापासून तिचा आवाज वाढला. मग ती आम्हा सगळ्यांवर हुकूम सोडायला लागली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी मांडव जवळजवळ तयार होता. वेल चढवला होता, पंधरा-सोळा घड दोऱ्यात ओवून टांगले होते. मी चहाला उठले तर फरशीवर कागदाचा भुगा पडलेला. अर्धे घड कुरतडलेले, काहींचे नुसते दोरे लोंबत होते. उंदीर. कणकेची खळ म्हणजे त्याला पोळीच वाढल्यासारखी झाली होती. आणि चूक माझी. खळीत तुरटी घालायची असते, म्हणजे किडा-मुंगी, उंदीर तोंड लावत नाहीत. ब्लाउज शिवणाऱ्या बाईला खळ माहीत, तुरटी माहीत, पण मुलांच्या घाईत विसरले.

थोरली उठून आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग तिने लोंबणारा एक रिकामा दोरा हातात धरला. तेवढ्यात धाकटा डोळे चोळत आला. त्याने भुगा बघितला, मांडव बघितला, आणि आनंदाने ओरडला, "उंदीर आला! बाप्पाचा उंदीर पुढे आलाय! म्हणजे बाप्पा जवळ आलाय!"

थोरलीला हसू फुटलं. यांना तर इतकं हसू आलं की खुर्चीत बसावं लागलं.

पण संध्याकाळपर्यंत द्राक्षं पुन्हा करायची होती आणि हात होते आठ. थोरली म्हणाली, "खालच्या मुलांना बोलवू?" मी हो म्हणायच्या आत ती जिना उतरली होती. दहा मिनिटांत आमच्या बाहेरच्या खोलीत इमारतीतली नऊ मुलं मांडी घालून बसली. मी या वेळी सुपारीएवढी तुरटी कुटून खळीत घातली. थोरलीने कामं वाटली: चौघं गोळ्या वळणार, तिघं रंगवणार, दोघं पंख्यासमोर परात धरून वाळवणार. यांच्याकडे ओवण्याचं काम. तळमजल्यावरची चार वर्षांची मुलगी फक्त द्राक्षं मोजायची, आणि तिला सातपर्यंतच येत होतं, म्हणून सातानंतर पुन्हा एक. मी सगळ्यांना भेळ करून दिली. जांभळ्या बोटांनी सगळे भेळ खात होते. हवा दमट होती, द्राक्षं वाळेनात, तेव्हा यांनी इस्त्री तापवली आणि जुन्या साडीच्या घडीखाली द्राक्षं ठेवून वरून हलकी फिरवली. थोडी चपटी झाली, पण वाळली.

पाच वाजता मांडव पुन्हा भरला. पहिल्यापेक्षा जास्त घड होते. काही चपटे, काही लिंबाएवढे, एक तर कुणीतरी गुलाबी करून ठेवला होता. खऱ्या बागेतही सगळे घड कुठे सारखे येतात?

दुसऱ्या दिवशी हे दोघांना घेऊन शाडूची वीतभर मूर्ती घेऊन आले. घंटा वाजवत, अनवाणी. मूर्ती मांडवात ठेवली तेव्हा वेलाचं एक पान बरोबर मुकुटावर टेकलं. यांनी आयुष्यात पहिल्यांदा पोथी बघून पूजा केली. तीनदा चुकले. थोरली दुरून, हात न लावता, पुढचं काय ते सांगत होती. आरतीला खालची सगळी मुलं आली आणि आरतीपेक्षा आपापली द्राक्षं शोधण्यातच त्यांचं लक्ष होतं.

पाचव्या दिवशी विसर्जन ठरवलं होतं. त्या दिवशी सोयर फिटलं होतं आणि भावजयीला टाके काढायला दवाखान्यात आणलं होतं. तिथून घरी जाता जाता रिक्षा आमच्या दाराशी थांबली. भावाने तिला धरून हळूहळू दोन जिने चढवले. भावजयीने मांडव बघितला, पताका बघितल्या आणि त्या चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. मग खुर्चीत बसली आणि थोरलीला म्हणाली, "मांडी घाल. पाठ भिंतीला टेक."

थोरली बसली. आईने बाळ तिच्या मांडीत ठेवलं. ती इतकी ताठ बसली होती की श्वाससुद्धा जपून घेत होती. बाळाने जांभई दिली आणि मूठ उघडली. धाकट्याने घाईने मांडवातलं एक चपटं द्राक्ष तोडून त्या मुठीत द्यायला नेलं. थोरलीने डोळे वटारले. "अरे, तुरटी आहे त्यात!"

विसर्जन घरातच केलं, बादलीत. शाडू विरघळेपर्यंत मुलं बादलीभोवती बसून होती. मग रिक्षात दप्तर, कपड्यांची पिशवी आणि पताकांची गुंडाळी चढली. चित्राची पताका थोरलीने स्वतःच्या हातात ठेवली. रिक्षा वळेपर्यंत दोघं हात हलवत होती. आम्ही वर आलो आणि दोघांनाही एकदम भूक लागली. उरलेला वरणभात पातेल्यातूनच खाल्ला.

मांडव उतरवायला आमचा हात होईना, म्हणून हे तो तसाच ठेवू म्हणाले. पण रविवारी दारावर थाप पडली. खालची मुलं आली होती, आपापले घड मागायला. कुठला घड कुणाचा यावरून जिन्यात मोठं भांडण झालं. गुलाबी घडावर तिघांनी हक्क सांगितला. यांनी तो दोरा कापून द्राक्षं तिघांत वाटून दिली. तळमजल्यावरची मुलगी डब्यात सात द्राक्षं घालून घेऊन गेली.

तिची आई संध्याकाळी वर आली. "मावशी, त्या पानांना काय लावलं होतं हो? दिवाळीला कंदील करायचा म्हणतेय ही, विकतचा नको म्हणते."

"बसा," मी म्हटलं आणि कणकेचा डबा काढला.